गिरणीची चिमणी आणि गिरणीचा माणूस

(संस्थेच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. शहर वाढत आहे, जागा अपुरी पडत आहे; अशा वेळी बंद पडलेल्या गिरण्यांच्या इमारती जपाव्यात की पाडाव्यात, असा हा विषय आहे. तो ऐकून काहींना वाटेल की, हा इंजिनिअरांचा आणि बिल्डरांचा विषय. बौद्ध समाजाच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर तो कशासाठी? आमचे म्हणणे असे की, हा विषय आपल्याइतका दुसऱ्या कोणाचाच नसेल. कोकणातून आणि घाटावरून आपली माणसे मुंबईत आली ती गिरणी, गोदी आणि रेल्वे यांच्या आधारावर. या सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या आयुष्याची पहाट गिरणीच्या भोंग्याने झालेली आहे. म्हणून त्या इमारतींचे काय होते याच्याशी आपला संबंध आहे, आणि त्या इमारतींबद्दल काय सांगितले जाते याच्याशी तर त्याहून अधिक आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी, दादर या पट्ट्यात गिरण्यांमागून गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांच्याभोवती चाळी आल्या, खाणावळी आल्या, व्यायामशाळा आणि भजनी मंडळे आली, आणि त्या सगळ्याला लोक गिरणगाव म्हणू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. तो विरत गेला. हजारोंना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक भोंगा बंद होत गेला आणि मागे राहिल्या ५८ गिरण्यांच्या मिळून सुमारे ६०० एकर जमिनी.

मित्रहो, मुंबईच्या ऐन मध्यभागी ६०० एकर! खरा प्रश्न येथून सुरू होतो.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी ५८ क्रमांकाचा नियम करण्यात आला. स्थूलमानाने त्याचा अर्थ असा होता की, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल तर तिचे तीन वाटे करावेत. एक वाटा महापालिकेला मैदाने आणि उद्याने यांसाठी, एक म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकाला. हिशेब सरळ होता. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीची करायची असे ठरले. ज्या जागेवर इमारत उभी आहे ती जागा वाटणीतून सुटली.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या गिरणीची जमीन ३० एकर आहे आणि त्यातील ३ एकर मोकळी आहे. पहिल्या हिशेबाने साधारण १० एकर मैदानाला, १० एकर घरांना आणि १० एकर मालकाला. दुसऱ्या हिशेबाने वाटणी फक्त ३ एकरांची. मैदानाला एक, घरांना एक. बाकीच्या २७ एकरांवरची इमारत मालक पाडू शकतो आणि तेवढेच बांधकाम पुन्हा आपल्यासाठी उभारू शकतो. म्हणजे जुनी इमारत कागदावर जिवंत ठेवायची आणि जमिनीवर पाडायची! या दुरुस्तीविरुद्ध पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान, २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटी रुपयांना गेली आणि लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाईल मिलची ७०२ कोटी रुपयांना. ज्यांनी त्या आवारात तीस-तीस वर्षे घाम गाळला त्यांना या आकड्यांतील शून्ये मोजतानाही धाप लागावी.

आता मूळ प्रश्न घेऊ. जुन्या इमारती पाडाव्यात असे म्हणणाऱ्यांची बाजू आपण प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. ते म्हणतात, ज्या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातील चाळीसहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहतात, तेथे रिकाम्या शेडवर कबुतरांनी राज्य का करावे? हा प्रश्न खोटा नाही. दुसरे असे की, जुनी इमारत नुसती ठेवून भागत नाही. ती ज्या कामासाठी बांधली ते काम वेगळे आणि आज तेथे चालते ते वेगळे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जीव गेले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावरील चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, रोज उतरणाऱ्या माणसांची संख्या वाढली, पण पूल तेवढाच राहिला. तेव्हा जुने ठेवा किंवा नवे बांधा, माणसाच्या सुरक्षिततेचा हिशेब आधी मांडला नाही तर दोन्ही घातकच.

इमारती जपाव्यात असे म्हणणाऱ्यांचीही बाजू भक्कम आहे. ते म्हणतात, या इमारती काळ्या दगडाच्या, सागवानी तुळयांच्या आणि ओतीव लोखंडी खांबांच्या आहेत. विणाईच्या शेडचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर पाहा. त्याच्या काचा उत्तरेकडे असतात, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, डोळ्यांवर ऊन येत नाही आणि तुटलेला धागा चटकन दिसतो. कापड विणणाऱ्या साच्यांचा हादरा मोठा, म्हणून विणाईची शेड बैठी. सूतकताईची इमारत मात्र तीन-चार मजली. धागा तुटू नये म्हणून हवेत ओलावा लागतो, तो मुंबईच्या हवेत आयताच होता. अशी इमारत म्हणजे उद्योगशास्त्राचे उघडे पुस्तक. ते एकदा फाडले की पुन्हा छापता येत नाही. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क या गावी रॉबर्ट ओवेन यांनी चालवलेल्या सूतगिरण्या १९६८ साली बंद पडल्या. पण तेथे गिरण्याही राखल्या आणि कामगारांच्या चाळीवजा घरांत माणसेही राहती ठेवली. २००१ साली ते सबंध गाव जागतिक वारसा ठरले. म्हणजे वास्तू आणि वस्ती दोन्ही राखणे अशक्य नाही.

बंधू-भगिनींनो, आमच्या मते या दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक माणूस सुटतो. पाडणारा म्हणतो जमीन, जपणारा म्हणतो वास्तू. त्या वास्तूत कोण उभा होता आणि कोणाला उभे राहू दिले जात नव्हते, हे विचारायचे राहून जाते. ते विचारण्याचे काम आपल्यावर येते.

आताच आम्ही विणाईच्या शेडचे कौतुक केले. त्याच शेडची दुसरी बाजू सांगतो. गिरणीत सर्वांत अधिक कमाई विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर होती आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगाराला तेथे प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातील कांडीचे सूत संपले की नवी कांडी घालून तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला आपले ओठ कसे लावायचे, हा सवर्ण कामगारांचा आक्षेप! एकाच मालकाने नाडलेले, एकाच भोंग्याला धावणारे, संपात खांद्याला खांदा लावून उपाशी राहणारे हे कामगार. पण धोट्यापाशी आले की जात आडवी येई. म्हणून आपली माणसे राहिली सूतकताईच्या खात्यात आणि झाडलोटीच्या व ओझ्याच्या कामांत, कमी पगारावर.

१९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. विणाई खाते अस्पृश्यांना खुले करावे ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपात उतरू नका असे सांगू, अशी त्यांची भूमिका होती. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांचे म्हणणे पडले की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. यातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष आपण सर्व जाणतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी स्पष्ट सांगितले की, या देशातील कामगाराला दोन शत्रूंशी लढायचे आहे, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही.

आणि तरीही बाबासाहेब कामगार चळवळीपासून दूर गेले नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. ते स्वतः परळच्या चाळीत वीसहून अधिक वर्षे राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम परळच्या दामोदर हॉलमधून चाले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा ज्या साम्यवाद्यांशी त्यांचे मतभेद होते त्यांच्याबरोबर ते उभे राहिले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून काम करताना त्यांनी कारखान्यांतील कामाचे तास कमी करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज कोणी आठ तासांची पाळी संपवून घरी जातो तेव्हा त्याच्या घरी जाण्यात बाबासाहेबांचा वाटा आहे.

हे सारे आम्ही का सांगतो? लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मोठा बाजार आहे आणि त्यात गिरणीची जुनी चिमणी राखून ठेवली आहे. खरेदीला आलेली मुले तिच्याकडे बोट दाखवतात, फोटो काढतात. चिमणी पाडली नाही हे चांगलेच झाले. पण ती चिमणी काय सांगते? येथे कधीतरी धूर निघत असे, एवढेच. भट्टीत कोळसा कोण टाकत होते, साचे कोण चालवत होते आणि साच्यांपासून कोणाला दूर ठेवले होते, यातले काहीही ती सांगत नाही. चिमणी ठेवली म्हणजे स्मृती ठेवली असे होत नाही. उलट, इतिहासातील गोड भाग तेवढा ठेवून कडू भाग गाळण्याची ती सोय होऊ शकते. गिरणगावच्या आठवणींत दहीहंडी येते, दशावतार येतो, शाहिरी येते आणि ते योग्यच आहे. पण धोटा आला नाही तर ती आठवण अर्धीच.

आमच्यातील काही उपासक येथे असे विचारतील की, भगवान बुद्धांनी तर सर्व संस्कार अनित्य आहेत असे शिकवले. मग दगड-विटांचा एवढा मोह कशाला? प्रश्न विचार करण्यासारखा आहे. अनित्यता म्हणजे वस्तू टिकत नाहीत हे सत्य ओळखणे. पण वस्तू टिकत नाहीत म्हणून ती मोडण्याचा परवाना मिळतो, असा त्याचा अर्थ नाही. आपल्याच इतिहासात पाहा. १७९४ साली बनारसच्या जगतसिंग नावाच्या दिवाणाने बाजारपेठ बांधण्यासाठी विटा हव्यात म्हणून सारनाथचा धर्मराजिका स्तूप खणून काढला. अशोककालीन स्तूप! विटा बाजारात गेल्या आणि आतील अवशेष गंगेत सोडण्यात आले. ज्या भूमीवर तथागतांनी पहिले प्रवचन दिले तेथे आज आपण त्या स्तूपाचा नुसता गोल पाया पाहतो. त्या दिवाणाला स्तूपाशी वैर होते असेही नाही. त्याला विटा दिसल्या, त्यांचा अर्थ दिसला नाही. ज्याला वारसा कळत नाही त्याला प्रत्येक स्तूप म्हणजे विटांचा ढीग आणि प्रत्येक गिरणी म्हणजे चौरस फूट.

याच्या उलट दुसरे उदाहरण सम्राट अशोकाचे. लुंबिनीला त्याने दगडी स्तंभ उभारला आणि त्यावर कोरले की, येथे बुद्धांचा जन्म झाला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याच लेखात पुढे म्हटले आहे की, या गावचा एक कर माफ करण्यात आला आहे आणि उत्पन्नातील राज्याचा वाटा आठव्या हिश्शावर आणला आहे. स्मारकही उभारले आणि त्या गावच्या जिवंत माणसाचे ओझेही उतरवले, तेही एकाच दगडावर कोरून! स्मारक कसे असावे याचा याहून चांगला धडा आम्हाला ठाऊक नाही.

आणखी एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले, आणि आम्ही बँकेत कारकुनी करणारे असल्यामुळे आमच्या विशेष आवडीचे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव कोणाकडे ठेवली? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. आता हिशेब करून पाहा. २००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे बरोबर २४०. पैचाही फरक नाही! विणकर हा त्या काळी एवढ्या भरवशाचा माणूस होता की राजाच्या जावयाने त्याच्यापाशी पैसा ठेवला आणि संघाचे चीवर त्या पैशावर चालले. त्या विणकरांची घरे, त्यांचे माग केव्हाच मातीला मिळाले. पण त्यांचा मान दगडात लिहिला गेला म्हणून दोन हजार वर्षांनी आपण तो वाचतो. लिहून ठेवणे म्हणजे काय, ते येथे कळते.

आता सर्वांत जवळच्या प्रश्नाकडे येतो. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. त्या चैत्यभूमीला लागून इंदू मिल उभी होती. कागदोपत्री तिचे नाव इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. जमीन सुमारे साडेबारा एकर. दर ६ डिसेंबरला लाखो अनुयायी येत, दाटीवाटीने उभे राहत आणि शेजारी बंद गिरणीची भिंत असे. ती जागा स्मारकासाठी मिळावी म्हणून आपल्या समाजाने वर्षानुवर्षे मागणी केली. ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकर यांच्यासह कार्यकर्ते गिरणीच्या आवारात शिरले. डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने जागा देण्याची घोषणा संसदेत केली आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी स्मारकाची पायाभरणी झाली. गिरणी गेली आणि १०० फूट चौथऱ्यावर ३५० फूट उंचीच्या पुतळ्याची योजना आली.

येथे कोणी आपल्याला विचारील की, एकीकडे तुम्ही गिरण्या जपा म्हणता आणि दुसरीकडे तुमच्याच स्मारकासाठी गिरणी पाडली गेली, हे कसे? आमचे उत्तर असे. प्रत्येक गिरणी जपावी असे आम्ही म्हणतच नाही. जुन्या जागेवर काय येते, ते कोणासाठी येते आणि त्या जागेचे ऋण कसे फेडले जाते, यावरून पाडणे योग्य की अयोग्य हे ठरते. खरेदीच्या बाजारासाठी गिरणी पाडणे आणि लाखोंच्या मुक्तिदात्याच्या स्मारकासाठी पाडणे यांत फरक आहे. पण ऋण आपल्यालाही फेडायचे आहे. म्हणून आम्ही या व्यासपीठावरून अशी मागणी करतो की, इंदू मिलच्या जागेवरील स्मारकात एक दालन गिरणी कामगारांचे असावे. त्यात एक साचा असावा, एक धोटा असावा आणि त्याच्याखाली १९२८ ची ती हकिकत साध्या मराठीत लिहिलेली असावी. बाबासाहेबांच्या स्मारकाला याहून शोभणारी दुसरी वस्तू कोणती?

मग एकंदर काय करावे? आमच्या मते याचा क्रम तीन गोष्टींचा आहे, आणि त्यांतील पहिली दुसरीच्या मागे पडता कामा नये.

पहिली गोष्ट घर. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांपैकी दीड लाखाहून अधिक जणांनी घरासाठी अर्ज केले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. मधल्या काळात आणखी काही निघाली. या गतीने म्हाताऱ्या अर्जदाराच्या हाती किल्ली कधी पडणार? पुढे शासनाने मुंबईबाहेर शेलू, वांगणीकडे घरे देण्याचे ठरवले, तेव्हा कामगारांनी विचारले की, आमच्या जमिनीवर दुसऱ्यांचे मनोरे आणि आम्हाला कर्जत-बदलापूरची गाडी का? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय चिमणीला रंग लावण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, जपायचे तर संपूर्ण जपा. दहा ठिकाणी दहा चिमण्या राखण्यापेक्षा एक गिरणी सबंध राखा. कताईचे खाते, विणाईची शेड, बॉयलर, तळे, कामगारांचे दार आणि साहेबाचे दार, सर्व. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना आहे. ती योजना चांगली आहे. तेथे यंत्रे मांडली जातील, पण यंत्रांच्या जोडीला प्रत्येक खात्यात कोणत्या समाजाची माणसे होती, पगार काय होता, स्त्रियांना कोणती कामे दिली जात आणि त्यांना पुढे कसे बाहेर काढले गेले, हेही मांडले जावे, असा आग्रह आपण लेखी धरला पाहिजे. आग्रह धरला नाही तर ते कोणी आपणहून मांडणार नाही.

तिसरी गोष्ट मात्र सरकारवर सोपवायची नाही; ती आपली आहे. इमारत पाडायला एक पावसाळा पुरतो, पण माणूस त्याआधीच जातो. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील सुमारे शंभर माणसांच्या तोंडून तेथील इतिहास लिहून घेतला, तो ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वाट दाखवली आहे. आपल्या समाजातील कामगारांची अशी नोंद आपण करायची आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. दोनशे पानी वही लागते, मोबाईलवर आवाज मुद्रित करता येतो, आणि ऐकून घेण्याची इच्छा लागते.

विद्यार्थी मित्रहो, म्हणून आमची तुम्हाला विनंती आहे. सुट्टीत प्रत्येकाने एका वडीलधाऱ्या माणसापाशी बसावे. आजोबांना विचारावे, तुम्ही कोणत्या खात्यात होता? साच्यावर तुम्हाला घेत होते का? घेऊ लागले तर कधीपासून? पाण्याचा माठ वेगळा होता का? जॉबर कसा वागवायचा? संपाच्या काळात घर कशावर चालले? आजीला विचारावे, गिरणीत तुम्ही कोणते काम केले? खाणावळीत किती माणसे जेवायची? ट्रंकेत गिरणीचा बिल्ला असेल, पगाराची चिठ्ठी असेल, फंडाचा कागद असेल, युनियनची पावती असेल, तर तिचा फोटो काढून घ्यावा आणि मूळ कागद नीट प्लॅस्टिकमध्ये ठेवावा. आम्ही वर्षानुवर्षे खातेवह्या सांभाळतो, त्यावरून सांगतो की, ज्याची नोंद नाही त्याचा दावा टिकत नाही. घराच्या अर्जालाही कागद लागतो आणि इतिहासालाही.

आणि वडीलधाऱ्या मंडळींना आमचे हात जोडून सांगणे आहे. आपण म्हणता, "आमच्यात सांगण्यासारखे काय आहे? आयुष्यभर सूत जोडले." त्या तुटलेल्या सुताला जोडता जोडता आपण मुलांना शाळेत घातले, रात्रपाळी करून सकाळी सभेला गेलात, १९५६ नंतर घरात त्रिसरण-पंचशील आणलेत. नाशिकच्या लेण्यातील विणकरांचा हिशेब दोन हजार वर्षे टिकला, तो कोणीतरी तो कोरून ठेवला म्हणून. आपला हिशेब आपल्या नातवंडांनी लिहावा, एवढी संधी त्यांना द्या.

अध्यक्ष महोदय, समारोपात आम्ही संस्थेपुढे एक ठोस प्रस्ताव ठेवतो. पुढील स्मरणिकेत अशा निदान दहा आठवणी, सांगणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच शब्दांत छापाव्यात. वस्त्रोद्योग संग्रहालयाबाबत महापालिकेला आणि इंदू मिलच्या स्मारकातील दालनाबाबत राज्य शासनाला संस्थेच्या लेटरहेडवर निवेदन द्यावे. गिरणी कामगारांच्या घरांच्या मागणीला संस्थेने जाहीर पाठिंबा द्यावा. इमारती काही राहतील, काही जातील. त्यांत राबलेला माणूस मात्र विस्मृतीत जाऊ नये, एवढे आपल्या हातात आहे, आणि जे आपल्या हातात आहे ते करणे हाच आपला धम्म आहे.



जय भीम! नमो बुद्धाय!